रविवारी बरं वाटतं का?

मागच्या आठवड्यात भाच्याने आमच्या घरच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर एक फोटो टाकला. भोसरीतलं त्यांचं गॅरेज. अंगात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, हातात रबरी मोजे, तोंडावर काचेसारखा मोठा मुखवटा आणि त्या मुखवट्याला मागून जोडलेली हवेची नळी. हातात स्प्रे गन, शेजारी अर्धवट रंगवलेली गाडी. खाली लिहिलं होतं, "नवीन युनिफॉर्म!"

मग काय, ग्रुपला विषयच मिळाला. "चांद्रयान भोसरीत कधी उतरलं?" "अरे कोविड संपला, सांगा कुणीतरी याला." असं बरंच काही. बंडूदादाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, नुसता एक अंगठा टाकला. मी काहीच लिहिलं नाही. फोटो मोठा करून बराच वेळ ती हवेची नळीच बघत बसले.

जे मनात आलं ते ग्रुपवर दोन ओळींत लिहिण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. नातेवाईक मंडळी इथेही डोकावतात हे मला ठाऊक आहे, आणि यावेळी त्यांनी डोकवावं अशीच माझी इच्छा आहे.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे की मी अमेरिकेत बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथल्या बर्फाबद्दल लिहिलं, डब्यातल्या मेथीच्या भाजीच्या वासावरून झालेल्या गमतीबद्दल लिहिलं. प्रत्यक्ष काम काय करत होते ते मात्र कधी लिहिलं नाही. आईलासुद्धा मी "दम्यावर संशोधन चालतं" एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं. पण आई शेजारणींना सांगायची, "आमची चिमी दम्यावर औषध शोधते," तेव्हा मी ती चूक दुरुस्त करत नसे.

खरं काम असं होतं. कारखान्यांत वापरली जाणारी रसायनं श्वासातून गेली तर त्यांची ऍलर्जी होते का, किती प्रमाणात गेली तर होते, हे आम्ही गिनीपिगांवर तपासत होतो. मी शास्त्रज्ञ नव्हते, तंत्रज्ञ होते. जनावरांना सांभाळणं, त्यांना रसायनाच्या वाफेत ठेवणं, त्यांचे श्वास मोजणं आणि शेवटी त्यांना मारणं, ही माझी कामं.

आमच्या लॅबमध्ये ज्या रसायनांवर सगळ्यात जास्त काम चाललं ती आयसोसायनेट कुळातली. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो डिसेंबर १९८४ मध्ये. पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकत होते. भोपाळ झालं आणि रोज पेपरात मिथाइल आयसोसायनेट, मिथाइल आयसोसायनेट. आमच्या सरांनी फळ्यावर त्याची रचना काढून दाखवली होती. एवढासा रेणू! नंतर लग्न होऊन अमेरिकेत आले, नोकरीसाठी मुलाखतीला गेले, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, आयसोसायनेटबद्दल काही माहिती आहे का? मी म्हटलं, मी भोपाळच्या देशातून आलेय. त्या क्षणभर गप्प झाल्या.

तर आयसोसायनेट हे काही एकाच रसायनाचं नाव नाही, ते आडनाव आहे म्हणा. भोपाळमधला वायू त्या कुळातला एक, अतिशय विषारी. त्याच कुळात दोन हातांची काही भावंडं आहेत, त्यांना डायआयसोसायनेट म्हणतात. टोल्युइन डायआयसोसायनेट हे त्यातलं एक, त्याला सगळे टीडीआय म्हणतात. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये डायआयसोसायनेटपासून पॉलियुरेथेन बनवण्याची रीत शोधली, आणि त्यानंतर जगात फोमच फोम झाला. गाद्या, गाडीच्या सीट, फ्रिजच्या भिंतींतलं थंडावा धरून ठेवणारं अस्तर, बुटांचे तळवे, लाकडावरचं चकचकीत पॉलिश, मोटारींचा रंग. तुम्ही हे वाचताना ज्या खुर्चीवर बसला आहात तिच्यातही बहुधा असेलच. घाबरू नका, तयार झालेल्या फोममध्ये रसायनाचे हात एकमेकांत गुंतून गेलेले असतात. धोका असतो तो बनवणाऱ्याला आणि फवारणाऱ्याला.

आता ऍलर्जी कशी होते ते माझ्या परीने सांगते. शरीराचं रक्षक दळ साधारणपणे मोठ्या रेणूंना ओळखतं. परागकण, धुळीतले किडे, मांजराची लाळ, म्हणजे मुख्यतः प्रथिनं. टीडीआयसारखा छोटा रेणू त्याच्या खिजगणतीतही नसतो. पण हा छोटा रेणू भारी चिकट. तो आपल्याच शरीरातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, आणि मग घरचंच माणूस परक्यासारखं दिसायला लागतं. रक्तगट शोधणारे कार्ल लॅंडस्टायनर यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांच्या त्वचेवर साधी साधी रसायनं वापरून हेच दाखवलं होतं.

यातली फसवणूक अशी, की सुरुवातीला काहीच होत नाही. महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं माणूस त्या हवेत काम करतो आणि म्हणतो, मला तर सवय आहे. आत मात्र रक्षक दळाने नोंद करून ठेवलेली असते. मग एक दिवस छाती आवळते. आणि एकदा ती वेळ आली की त्यानंतर नखाएवढं प्रमाणही पुरतं. टीडीआयसाठी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनी जी कमाल मर्यादा ठेवली होती ती हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग इतकी. नाकाला वास यायला साधारणपणे याहून जास्त लागतं. म्हणजे वास आला तर उशीर झालेला असतो, आणि नाही आला तरी भरवसा नाही.

गिनीपिगच का? तर त्याच्या श्वासनलिकांचे स्नायू दणकट असतात आणि ऍलर्जी झाली की ते जोरात आवळतात. माणसाला दमा लागतो त्याच्याशी हे दृश्य बरंच जुळतं. अगदी सारखं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

आमची जनावरं सगळी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. ओळखायची ती नंबरावरून. नाव ठेवायचं नाही हा लॅबमधला अलिखित नियम. पण गिनीपिग पाळलेल्यांना माहीत असेल, हा प्राणी बोलका आहे. आम्ही खाण्याच्या पिशवीला हात लावला, तिची कुरकुर झाली, की सगळी खोली शिट्ट्या मारायला लागायची. त्यातली चौदा नंबरची एक मादी माझ्या पावलांच्या आवाजानेच शिट्टी मारायची. मी तिला मनातल्या मनात ठकी म्हणायचे. मोठ्याने कधीच नाही.

पद्धत ठरलेली होती. रोज तीन तास, सलग पाच दिवस, काचेच्या बंद पेटीत. आत ठराविक प्रमाणात टीडीआयची वाफ सोडलेली. एक गट कमी प्रमाणाचा, एक मध्यम, एक जास्त, आणि एक गट नुसत्या स्वच्छ हवेचा, तुलनेसाठी. मग दोन-अडीच आठवडे काही करायचं नाही. शरीराला नोंद करायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर प्रत्येक जनावराला एका छोट्या बंद पेटीत ठेवायचं. श्वास आत-बाहेर होताना पेटीतल्या हवेचा दाब किंचित बदलतो, तो बदल कागदाच्या पट्टीवर रेघेने उमटतो. आधी शांतपणीचा श्वास नोंदवायचा, मिनिटाला ऐंशी-नव्वद. मग तेच रसायन अगदी थोड्या प्रमाणात पुन्हा सोडायचं आणि रेघेकडे बघत बसायचं.

ठकी मध्यम गटातली. पहिली काही मिनिटं रेघ तशीच होती. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, राहू दे, तशीच राहू दे. मग रेघ दाट व्हायला लागली. काचेतून तिच्या कुशी आत ओढल्या जाताना दिसत होत्या. मान पुढे काढलेली. शिट्टी नाही, काही आवाज नाही. गिनीपिग घाबरला की गप्प होतो. मी वेळ लिहिली, आकडा लिहिला, वाफ बंद केली. त्या दिवशी ती वाचली. दुसऱ्या एका पेटीतलं जनावर वाचलं नाही.

वाचली म्हणजे तरी काय? प्रयोग संपला की सगळ्यांना इंजेक्शन देऊन मारायचं, रक्त आणि फुप्फुसं तपासायची. स्वच्छ हवेच्या गटातल्यांनासुद्धा. तुलना पूर्ण व्हायला त्यांचीही फुप्फुसं लागतात. लोकांना वाटतं रसायनाने मेलेल्यांचं जास्त वाईट वाटत असेल. मला त्या स्वच्छ हवेवाल्यांचं वाटायचं.

हे सगळं चोरून-लपून चालत नव्हतं हेही सांगायला हवं. अमेरिकेचा १९६६ चा प्राणीकल्याण कायदा गिनीपिगांना लागू आहे. गंमत म्हणजे प्रयोगासाठी वाढवलेल्या उंदरांना तो लागू नाही. १९८५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक संस्थेत समिती आली. किती जनावरं लागणार, कमी का नाही चालणार, वेदना कशी कमी करणार, सगळं लिहून द्यावं लागायचं. आम्ही लिहून द्यायचो. "उद्देश" या रकान्यात दरवेळी एकच वाक्य असायचं, कामगारांच्या आरोग्याचं रक्षण. मी ते वाक्य कितीदा टाईप केलं असेल याची गणती नाही. आणि माझा त्यावर विश्वास होता. आजही आहे. पण त्या विश्वासाला एक भलंमोठं भोक होतं, ते मला खूप उशिरा दिसलं.

नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात मला काही शोधनिबंध वाचायला दिले होते. त्यातले दोन अजून लक्षात आहेत. एक १९८७ चा. त्यात गिनीपिगांचं रक्त आणि भोपाळच्या वायुग्रस्तांचं रक्त अशी दोन्हीकडची तपासणी होती. त्या वायूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं दोन्हीकडे सापडली होती. माणसांमध्ये ती थोडी होती आणि काही महिन्यांत ओसरली. लेखकांच्या यादीत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मेरिल कॅरोल होत्या आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामतही होते. परक्या देशात ते नाव वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

दुसरा निबंध त्याच कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९८१ चा. तो जास्त महत्त्वाचा. त्यांनी गिनीपिगांच्या नुसत्या त्वचेवर टीडीआय लावलं. श्वासातून नाही, फक्त त्वचेवर. नंतर त्यांना थोडी वाफ दिली तेव्हा त्यातल्या काही जनावरांना श्वास लागला. म्हणजे कातडीने शिकलेली गोष्ट फुप्फुसांना कळली होती. तोंडाला मास्क लावला पण हात उघडे ठेवले, तर उपयोग अर्धाच. आमच्या लॅबमध्ये यामुळे हातमोज्यांचा नियम फार कडक होता. मोज्याला थेंब लागला तर मोजा लगेच फेकायचा.

आता भोसरी.

बंडूदादा माझा मामेभाऊ. आठवीनंतर शाळा सोडली आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला लागला. हात असा, की त्याने रंगवलेला दरवाजा मूळचा कुठला आणि नवा कुठला हे सांगता येऊ नये. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं. मी १९९६ मध्ये सुट्टीवर आले तेव्हा ते मोठ्या अभिमानाने दाखवायला घेऊन गेला. त्याने एका गाडीला लांबी भरून घासून ठेवली होती, प्रायमर झाला होता. माझ्यासमोर त्याने रंगाच्या डब्यात हार्डनर ओतलं, थिनर घातलं, काडीने ढवळलं, गनमध्ये भरलं आणि तोंडाला रुमाल बांधून फवारायला सुरुवात केली. दार पाऊण बंद, धूळ बसू नये म्हणून. काम झाल्यावर थिनरमध्ये बोळा बुडवून कोपरापर्यंत हात पुसले. मी म्हटलं, "काय रे हा वास!" तो म्हणाला, "हाच आमचा अत्तराचा कारखाना." मग आम्ही चहा प्यायलो.

तेव्हा मला त्या नोकरीत पाच वर्षं झाली होती.

आजकाल मी हे कुणाला सांगते तेव्हा लोक विचारतात, मग तुझ्या लक्षात कसं आलं नाही? खरं उत्तर फार साधं आहे. माझ्या डोक्यात जी वस्तू होती तिचं नाव टीडीआय होतं. ती तपकिरी काचेच्या बाटलीत असायची, खेचणाऱ्या पंख्याच्या कपाटात, पिवळ्या लेबलासकट. त्याच्याकडे जी वस्तू होती तिचं नाव हार्डनर होतं, ती पत्र्याच्या डब्यात होती आणि डब्याचं झाकण स्क्रू ड्रायव्हरने उघडायचं होतं. मोटारींच्या अशा दोन डब्यांच्या रंगात हार्डनर म्हणजे त्याच कुळातलं दुसरं भावंड, हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेटवर आधारलेलं. हे मला माहीत होतं. परीक्षेत कुणी विचारलं असतं तर मी पूर्ण मार्क मिळवले असते. पण गॅरेजमध्ये उभी असताना मी बहीण होते, तंत्रज्ञ नव्हते. माझं ज्ञान मी इंग्रजीत लॅबमध्ये ठेवून आले होते.

२००६ च्या गणपतीत आले तेव्हा बंडूदादा आरतीला उभा राहू शकत नव्हता. जिने चढताना दोनदा थांबायचा. रात्री तीनला उठून खिडकीशी बसायचा. वहिनी म्हणाली, दीड वर्ष झालं. डॉक्टर झाले, काढे झाले, हैदराबादचं माशाचं औषध घेऊन झालं. सिगारेट नाही, घराण्यात कुणाला दमा नाही. कुणीतरी कबुतरांना दोष दिला होता, म्हणून बाल्कनीला जाळी बसवली होती.

मी सहज विचारलं, "रोज सारखाच त्रास होतो का रे?"

"नाही गं. रविवारी जरा बरं वाटतं. मागे गावी दहा दिवस गेलो होतो तर काहीच नाही. गावची हवा मानवते मला."

मंडळी, मी तशीच खाली बसले. रविवारी बरं वाटतं. हे वाक्य आमच्या लॅबच्या पहिल्याच प्रशिक्षणात होतं. कामामुळे होणारा दमा ओळखायचा पहिला प्रश्न हाच. आणि त्रास कामावर असतानाच होईल असंही नाही. बऱ्याचदा काही तासांनी होतो, संध्याकाळी किंवा रात्री. म्हणून माणूस गॅरेजला दोष देत नाही. घराला देतो, उशीला देतो, कबुतरांना देतो.

मग आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फुंकायची प्लॅस्टिकची नळी दिली, जोरात फुंकर मारली की त्यावर काटा सरकतो. दिवसातून चार वेळा फुंकायचं आणि वहीत लिहायचं. गणपतीचे पाच दिवस गॅरेज बंद होतं, काटा रोज थोडा थोडा वर चढला. गॅरेज उघडलं आणि चौथ्या दिवशी तो होता तिथे परत आला. वहिनीने चौकटीच्या वहीत आलेख काढला होता. मी तो बघितला आणि मला ठकीची कागदाची पट्टी आठवली.

त्याला सगळं सांगितलं. हार्डनर म्हणजे काय, तो रुमाल का उपयोगाचा नाही, हात का पुसायचे नाहीत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुला हे कधीपासून माहीत आहे, चिमे?"

मी म्हटलं, "बरीच वर्षं."

"म्हणजे तुमच्या तिकडच्या उंदरांनाही माझ्या आधी कळलं."

"उंदीर नाही रे, गिनीपिग," असं माझ्या तोंडून निघून गेलं. इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन. तो हसायला लागला, हसता हसता त्याला खोकला लागला आणि मग कितीतरी वेळ तो खोकतच राहिला.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

परत गेल्यावर मी एक गोष्ट शोधून वाचली, जी खरं म्हणजे आधीच वाचायला हवी होती. टीडीआयमुळे दमा होतो हे पहिल्यांदा कुणामुळे कळलं? गिनीपिगांमुळे नाही. १९५१ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी टीडीआयवर काम करणाऱ्या कामगारांना श्वासाचा विकार होतो असं नोंदवलं होतं. गिनीपिगांचा नंबर नंतर लागला, तो "का" आणि "किती" हे शोधायला. श्वासाची ऍलर्जी आणणाऱ्या रसायनांची जी यादी आज आहे, तिच्यातली बहुतेक नावं अशीच आजारी कामगारांच्या केसपेपरवरून आलेली आहेत. म्हणजे एकाच उत्तराची किंमत आधी कामगारांनी मोजली, मग आमच्या पेट्यांतल्या जनावरांनी मोजली. उत्तर मिळालं, छापून आलं, ग्रंथालयात गेलं. आणि तरीही बंडूदादाला तिसऱ्यांदा तीच किंमत मोजावी लागली. त्याच्या हार्डनरच्या डब्यावर सूचना होत्या. इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. मी चष्मा लावून वाचल्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल माझं मत लोक विचारतात तेव्हा मला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. ती चाचणी पूर्ण भरवशाची नव्हती, हे खरंच. गिनीपिगांमध्ये ज्या प्रकारची प्रतिद्रव्यं काम करतात त्या प्रकारची माणसांत करतातच असं नाही. आयसोसायनेटच्या दम्याच्या बऱ्याच रुग्णांत तर रक्तात नेहमीच्या ऍलर्जीची खूणही सापडत नाही. नंतर गिनीपिगांऐवजी उंदरांच्या कानाला रसायन लावून जवळच्या लसिकाग्रंथी तपासण्याची पद्धत आली, २००२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यात जनावरं कमी लागतात आणि यातनाही कमी. २०१५ पासून त्वचेच्या ऍलर्जीसाठी जनावरांशिवायच्या चाचण्याही मान्य झाल्या. परीक्षानळीत प्रथिनाचा छोटा तुकडा घ्यायचा आणि रसायन त्याला किती चिकटतं ते मोजायचं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. पण या सगळ्या चाचण्या त्वचेच्या. श्वासाच्या ऍलर्जीसाठी जगभर मान्य झालेली अशी चाचणी, जनावरांवरची किंवा जनावरांशिवायची, आजही नाही. एवढी जनावरं गेली तरी नाही.

म्हणून मला आता वाटतं, की प्रयोग करावा की नाही हा प्रश्न जितका मोठा आहे तितकाच मोठा दुसराही आहे. जे उत्तर आधीच मिळालंय त्याचं आपण काय केलं? समितीच्या फॉर्मवर "किती जनावरं लागतील" असा रकाना होता. "निष्कर्ष कुणाला, कुठल्या भाषेत सांगणार" असा रकाना नव्हता. युरोपात आता २४ ऑगस्ट २०२३ पासून नियम आहे, डायआयसोसायनेटचं प्रमाण ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असलेला माल वापरायचा तर कामगाराने आधी प्रशिक्षण घेतलंच पाहिजे. तिथे या रसायनांमुळे वर्षाला पाच हजारांहून जास्त लोक नव्याने आजारी पडतात असा अंदाज त्या नियमातच दिलेला आहे. १९५१ ते २०२३. ठकी त्याच्या मध्ये कुठेतरी येते.

बंडूदादाने २००७ मध्ये फवारणी कायमची सोडली. या दम्यावर खरा उपाय तोच, त्या हवेपासून दूर जाणं. थोडं बरं वाटलं, पूर्ण नाही. पंप अजून खिशात असतो. त्याने सीट कव्हरचं काम सुरू केलं. रंगाचं काम आता मुलगा बघतो. त्याच्या मागे मी इतकी वर्षं भुणभुण लावली होती की तो मला बघून पळायचा. वेगळी बंद खोली कर, बाहेरची स्वच्छ हवा नळीने आत येईल असा मुखवटा घे, फवारणी संपल्यावर लगेच मुखवटा काढू नकोस, हवा पूर्ण निघून जाऊ दे, आणि हात थिनरने पुसू नकोस. "आत्या, त्या मुखवट्याच्या पैशात नवीन कॉम्प्रेसर येतो," तो म्हणायचा. शेवटी घेतला. फोटो टाकला. तुम्ही सगळे हसलात.

हसा हो, मलाही आता हसू येतंय. पण बंडूदादाने टाकलेला तो अंगठा मी पुन्हा एकदा बघितला. त्याला टायपिंग फारसं येत नाही, त्यामुळे त्याच्याकडून तेवढंच येणार. मग मी त्याला फोन लावला. म्हणाला, "पोरगं दिसतं मात्र भुतासारखं." आणि मग थोडं थांबून, "तुझ्या त्या चौदा नंबरचं नाव काय होतं गं?" त्याला मी हे कधी सांगितलं होतं ते मलाही आठवत नव्हतं.

असो. फारच लांबलं. जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी गाड्या रंगवतं, लाकडाला पॉलिश मारतं, फोमच्या कारखान्यात आहे, आणि त्याला दम लागतो असं कानावर आलं, तर औषध सुचवायच्या आधी एवढं विचारा, "रविवारी बरं वाटतं का?" हो म्हणाला तर त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि तो काय काम करतो हे डॉक्टरांना आधी सांगायला लावा. कबुतरांचं नंतर बघू.